साधारण माल

“साहेब, इथला माल साधारणच. यातून फार काही निघायचं नाही.”

सर हसत म्हणाले. साहेबही हसले. आम्ही सातवीची पोरं व्हरांड्यात रांगेत उभी होतो आणि माल आम्ही होतो.

तपासणीला आलेले साहेब खुर्चीवर बसले होते. समोर चहा, बिस्किटं, केळी. आमच्या अंगावर सकाळीच वाटलेले नवे गणवेश. साहेबांची जीप वळणाआड गेली की ते काढून परत द्यायचे होते, म्हणून खाली बसायचं नाही, कशाला टेकायचं नाही, अशी ताकीद होती. सर छडी घेऊन रांगेच्या टोकाला गेले आणि एकेकाच्या खांद्यावर तिचं टोक टेकवत पुढे सरकू लागले. बाजारात बैल दाखवताना माणूस असाच त्याच्या पाठीवर काठी टेकवतो.

“हा हुशार. हा मध्यम. ही साधारण. हा साधारण. साधारण. साधारण.”

माझ्यापाशी छडी थांबली.

“आणि हा नमुना बघा, साहेब. दहा गणितं सोडवली आणि त्यातली पाच स्वतःच्या हातानं खोडून टाकली.”

सरांनी माझा कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो उजेडात धरला. खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, एका ठिकाणी फाटला होता. साहेबांनी विचारलं, “का गं, का खोडलीस?”

मी म्हणाले, “वाटा दिला.”

“कसला वाटा?”

“बुधीला. गणितांचा.”

आधी सर हसले. मग साहेब. मग स्वयंपाकी, शिपाई, आणि सर हसतायत म्हणून रांगेतली पोरंसुद्धा. साहेबांच्या बशीतला चहा त्यांच्या पँटवर सांडला. तो पुसत ते म्हणाले, “वाटा! गणिताचा वाटा! अहो, मग हिला साधारण म्हणणं म्हणजे मेहेरबानीच झाली.” सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. माझ्या कागदावर लिहिलं, साधारण. बुधीच्या कागदावरही तेच लिहिलं. बुधी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या अंगात अजून ताप होता.

आता सांगते काय झालं होतं ते. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही. हसून झालं की लोकांना पुढचं ऐकायचं नसतं.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. खाली भाताची चार खाचरं, वर उतारावर नागली. बुधीचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आणि एक कोंबड्यांचं खुराडं. आम्ही दोघी एकाच वर्षी आश्रमशाळेत दाखल झालो. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर लोक म्हणतील, ती एक शाळा वाईट होती. मला तसं म्हणायचं नाही.

त्या वर्षी आमच्या शाळेतून सातवीचं एक मूल दूरच्या मोठ्या निवासी शाळेसाठी निवडायचं होतं. तिथे गेलेलं मूल थेट कॉलेजपर्यंत शिकतं, असं सगळे म्हणायचे. दिवाळीच्या आधी सरांनी परीक्षा घ्यायची आणि तपासणीच्या साहेबांनी नाव पक्कं करायचं, असं ठरलं होतं.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बा म्हणाला होता, “नंबर लागला तर शिक. नाय तर दिवाळीनंतर चल भट्टीवर.”

भट्टी म्हणजे विटांची. भिवंडीकडे, वसईकडे. भात-नागली घरात आली की रस्त्यावर ट्रक लागतात आणि पाडे रिकामे होतात. भट्टीवर माणूस एकटा घेत नाहीत. जोडी लागते. एकानं चिखल तुडवायचा, दुसऱ्यानं विटा पाडायच्या. नवरा-बायको असतील तर जोडी पुरी. माझी आय होती, म्हणून बाची जोडी पुरी होती, मी गेले असते तर वरकामाला गेले असते. बुधीची आय दोन पावसाळ्यांपूर्वी मेली होती. बुधीच्या बाची जोडी अर्धी होती. त्यामुळे त्या परीक्षेत नापास होणं म्हणजे काय, हे बुधीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती रोज पहाटे उठून पाढे म्हणायची. माझ्यापेक्षा ती गणितात बरी होती, हेही लिहून ठेवते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला थंडीताप भरला. शाळेत ताप म्हणजे कोपऱ्यातली सतरंजी आणि अर्धी गोळी. परीक्षेच्या दिवशी तिला दोघी मुलींनी धरून वर्गात आणलं. सरांनी फळ्यावर दहा गणितं लिहिली आणि चहाला निघून गेले. बुधी कागदाकडे बघत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आकडे हालतात गं.”

मी माझी दहाही सोडवली. मला येत होती. मग मी तेच केलं जे आमच्या पाड्यावर कोणीही केलं असतं.

आमच्याकडे पाऊस ओसरला की सगळा पाडा ओहोळाला बांध घालतो आणि मासे धरतो. कोणाच्या टोपलीत भरपूर येतात, कोणाच्या टोपलीत काहीच येत नाही. पण घरी कोणी आपली टोपली नेत नाही. सगळे मासे एका जागी ओततात. सागाच्या पानांवर सारखे ढीग लावतात, जितक्या चुली तितके ढीग. मग एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला काठी लावून विचारतो, “हा कोणाचा?” पाठ फिरवलेला एक नाव घेतो. ढीग त्या घराचा. जो आजारी म्हणून आलाच नाही त्याचंही नाव घेतात. म्हातारीचं घेतात. ज्यानं सगळ्यात जास्त मासे धरले त्याला एकच ढीग मिळतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मी जन्मल्यापासून हे बघितलं होतं. जगात सगळीकडे असंच असतं, असं मला वाटायचं.

बुधी आजारी होती. तिच्या टोपलीत काही नव्हतं. माझ्याकडे दहा होती. म्हणून पाच तिच्या कागदावर उतरवली. मग माझ्या कागदावरची तीच पाच खोडली. कारण ती मी दिली होती. दिलेलं परत आपल्याकडे कसं राहील? दिलेला मासा आपल्या पानावर राहतो का?

यात चोरी कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही. चोर आपलं खोडत नाही.

आणि सरांना हे सगळं दिसलं होतं. खोडलेल्या जागेवर आकडे स्पष्ट उमटले होते. दहाच्या दहा बरोबर होती, हे त्यांना कळलं होतं. ते मूर्ख नव्हते. त्यांनी ते साहेबांना बोलूनही दाखवलं, दहा सोडवली म्हणून. मला तेच सगळ्यात जास्त टोचतं. कळूनही त्यांनी पेन्सिल काढली आणि तो शब्द लिहिला.

निवड झाली ती दुकानदाराच्या मुलाची. तो शाळेत राहत नव्हता, बाहेरून यायचा, दुपारी घरी जाऊन जेवायचा. त्याची सात बरोबर होती. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं आपली सात आपल्याजवळ ठेवली, एवढंच. तो गेला तेव्हा सगळ्या शाळेला एकेक पेढा मिळाला. मी खाल्ला. भूक होती.

दिवाळीच्या सुट्टीला बा न्यायला आला. सर त्याला दारातच म्हणाले, “मुलगी साधारण आहे. उगाच जागा अडवून काय करणार?” बा मान हलवत राहिला. सरांपुढे तो नेहमी अशीच मान हलवायचा, पायातल्या चपला काढून हातात धरून. मला त्याची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा संताप आला. घाट उतरताना त्यानं विचारलं, “साधारण म्हंजे काय?”

मी म्हणाले, “सगळ्यांसारखी.”

बा म्हणाला, “मंग त्यात वाईट काय?”

मी रडायला लागले. त्याला वाटलं पाय दुखतात. त्यानं माझी पत्र्याची पेटी माझ्या डोक्यावरून उचलून आपल्या डोक्यावर घेतली.

घरी आयनं सगळं ऐकून घेतलं. ती फार बोलणारी बाई नव्हती. चुलीपुढून न उठता म्हणाली, “हिला भट्टीवर न्यायची तर मी येत नाय. बघ जोडी कुठं मिळते ती.” बा दोन दिवस घुमसत राहिला. मग सुट्टी संपताच मला शाळेत सोडून आला. माझं शिक्षण कोणाच्या कृपेनं झालं असं कोणी विचारलं तर मी हे सांगते. आय अडून बसली म्हणून झालं.

बुधीसाठी अडून बसायला कोणी नव्हतं. तिच्या बाला जोडी हवी होती. ट्रक आला तेव्हा ती मागच्या बाजूला तवे, गोधड्या आणि कोंबड्यांच्या टोपलीमध्ये बसली. तिच्या अंगावर शाळेचाच परकर होता. मी खाली उभी होते. ती म्हणाली, “पावसात येतेच.” पावसात ती आली तेव्हा तिचं नाव शाळेनं कमी केलेलं होतं. खोकला लागला होता. हात असे झाले होते की पेन्सिल धरली असती तरी ती वेगळीच दिसली असती. ती पुन्हा कधी वर्गात बसली नाही.

मी दहावी झाले. बारावी झाले. डी.एड.ला जव्हारला आले. डेपोमागच्या गल्लीतली खोली, तिघींत एक स्टोव्ह. वर्गात आम्ही डोंगरातल्या बाया आणि शहराकडून आलेल्या मुली वेगवेगळ्या बाकांवर बसायचो. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसंच व्हायचं. मी फारशी बोलायची नाही. तोंड उघडलं की आमचे हेल बाहेर पडायचे आणि मागून कोणीतरी तेच वाक्य तसंच म्हणून दाखवायचं. तो एक शब्द माझ्या आत कुठेतरी बसलेला होता. निकाल चांगला लागला तरी वाटायचं, चूक झाली असेल. कोणी कौतुक केलं तरी वाटायचं, हिला अजून माहीत नाही मी कोण ते.

एकदा मराठीच्या बाईंनी काम दिलं. प्रत्येकीनं एक शब्द घ्यायचा, तो मुळात कुठून आला, त्याचा अर्थ कसा बदलत गेला ते शोधायचं आणि वर्गापुढे सांगायचं. मुलींनी छान छान शब्द घेतले. चंद्र, माहेर, पैठणी. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “साधारण.” बाई म्हणाल्या, “हा काय शब्द निवडलास? बरं, घे.”

ग्रंथालयात जाडजूड कोश होते. हात लावायची भीती वाटायची, पानं इतकी जुनी होती. मी एक उघडला, मग दुसरा, मग संस्कृतचा. संस्कृत मला येत नव्हतं, बाईंनी अर्थ सांगितला. आणि मी होते तिथेच बाकावर बसले.

साधारण हा शब्द संस्कृतातून आलेला. मुळात त्याचा अर्थ, ज्यांचा आधार एकच आहे असं. म्हणून अनेकांचं मिळून असलेलं. सामाईक. कोणा एकाचं नसलेलं. ज्याच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे ते. पुढे ‘सगळ्यांचं’ याचं ‘सगळ्यांकडे असतं तसं’ झालं. आणि सगळ्यांकडे असतं ते कशाला मोलाचं, म्हणून ‘बेताचं’ झालं. ‘फार चांगलं नाही’ झालं. असा तो उतरत उतरत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पोचला.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मला आनंद झाला असेल असं कोणाला वाटेल. आनंद नाही झाला. अंगाची आग झाली. कोणी उतरवला हा शब्द? सगळ्यांचं म्हणजे हलकं, हे कोणी ठरवलं? ज्यांच्याकडे सगळ्यांपेक्षा वेगळं काही होतं त्यांनीच ना? वेगळी विहीर, वेगळा जमीनजुमला, वेगळी शाळा. त्यांना सगळ्यांचं ते कमी वाटणारच. आणि आम्ही, ज्यांच्याकडे जे काही होतं ते सगळ्यांचंच होतं, जंगल, ओहोळ, ओहोळातले मासे, आम्ही तोच शब्द शिवी म्हणून गिळला. बानं एकट्यानं विचारलं होतं, त्यात वाईट काय म्हणून. त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि मी मात्र रडले होते.

हे सगळं मी वर्गापुढे सांगितलं. माशांच्या वाट्याचंही सांगितलं. परीक्षेचं नाही सांगितलं, तेवढी हिंमत झाली नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी, चांगल्या घरातली, आवाज अगदी गोड, म्हणाली, “म्हणूनच तुम्हा लोकांना सगळं वाटून हवं असतं. सीटासुद्धा.”

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “अगं, असं बोलू नये,” आणि बोलता बोलता त्याही हसल्या.

आज त्या मुलीला देण्यासारखी दहा उत्तरं माझ्याकडे आहेत. त्या दिवशी एकही नव्हतं. मी तास सुटल्यावर डेपोत जाऊन बसले. मोखाड्याच्या गाड्या लागत होत्या, निघत होत्या. मला वाटलं, पुढच्या गाडीत बसावं आणि परत येऊच नये. बसले नाही. का बसले नाही तेही माहीत नाही. पाय उचलले नाहीत, एवढंच.

त्याच महिन्यात घरी जाताना खोडाळ्याच्या बाजारात बुधी भेटली. मीच ओळखलं. ती सुक्या बोंबलांच्या दुकानापुढे पोर काखेत घेऊन उभी होती. लग्न झालं होतं. नवराही भट्टीवरचाच. ती मला बघून एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, “तू आता बाई झालीस म्हणं.”

मी म्हटलं, “अजून नाही. शिकते.” आणि मग मला राहवलं नाही. भर बाजारात, माणसं आमच्या अंगावरून जात होती, मी तिला सगळं सांगत सुटले. त्या शब्दाचा खरा अर्थ काय. तो वाईट नाही. तो आपलाच आहे. आपण दोघींनी त्या दिवशी जे केलं त्याचंच ते नाव आहे.

बुधीनं पोराला दुसऱ्या काखेत घेतलं. तिनं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, “मंग तवाच सांगायचं ना.”

रागानं नाही म्हणाली. बाजारात मीठ संपलं असं सांगावं तसं म्हणाली. तिच्या पोराच्या हातात मी एक केळं दिलं आणि आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

दोन पावसाळे गेले आणि बुधी बाळंतपणात गेली. पाड्यावरून डोलीत घालून खाली आणताना, ओढा ओलांडायच्या आधी. मला चार दिवसांनी कळलं. मी स्टोव्हवर भात टाकला होता. तो करपेपर्यंत मी तशीच बसून राहिले. शब्दाचा अर्थ मला सापडला होता. त्याची व्युत्पत्ती मला पाठ होती. त्या व्युत्पत्तीनं बुधीचा खोकला बरा झाला नव्हता, आणि ओढ्याला पूलही आला नव्हता. त्यानंतर कित्येक महिने मी कुठलाही कोश उघडला नाही. पुस्तकातला न्याय बघितला की मळमळायचं.

लोक मला विचारतात, त्या पाच गणितांचा पश्चात्ताप होतो का? तू गेली असतीस, कुठल्या कुठे पोचली असतीस. नाही होत. पश्चात्ताप करायचाच तर त्यांनी करावा ज्यांनी दोघींसाठी एकच जागा ठेवली. दोन पोरींपैकी एकीनं शिकायचं आणि दुसरीनं चिखल तुडवायचा, ही परीक्षा मी तयार केली नव्हती.

मी शिक्षिका झाले. मोखाड्यातल्याच एका पाड्याच्या शाळेत. दोन खोल्या, पत्रे, समोर रस्ता आणि रस्त्याच्या कडेला ट्रक थांबायची जागा. दरवर्षी दिवाळीनंतर माझा वर्ग माझ्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढायचा. हजेरी घेताना मी नावं घ्यायची आणि कोणी ओ द्यायचं नाही.

मग हंगामी वसतिगृहाची योजना आली. आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांनी गावातच राहायचं, शाळेतच जेवायचं, झोपायचं. मी घरोघर फिरले. आईबाप आधी बिचकले, मग हो म्हणाले. कोणत्या आईला पोर चिखलात हवं असतं? वीस-बावीस पोरं राहायला तयार झाली. मंजुरी आली दहांची.

केंद्रप्रमुख आले तेव्हा रस्त्यावर ट्रक उभेच होते, आणि मंजुरी दहांचीच म्हटल्यावर काही पोरं आईबापांबरोबर वर चढून बसली होती. हे साहेब आमच्यातलेच. डोंगरातले. त्यांचे आईबापही भट्टीवर गेलेले. मला वाटलं, यांना सांगावं लागणार नाही. त्यांनी खुर्चीवर बसून रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “बाई, दहा हुशार निवडा. साधारण आहेत त्यांना जाऊ द्या.”

मी म्हटलं, “सर, सगळी तयार आहेत.”

“अहो, पण दहांचंच धान्य आहे. आणि निकाल दाखवायचाय आपल्याला. साधारण पोरांना ठेवून निकाल कसा लागेल? मीसुद्धा असाच निघालो. हुशार होतो म्हणून निघालो. निवड करावीच लागते, बाई. भावनेवर शाळा चालत नाही.”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आवाजात दुःखही होतं. पण एखाद्याला वर ओढून घेतलं की तो खालच्यांना कोणत्या नजरेनं बघायला शिकतो, ते मी त्या खोलीत बघितलं. त्यांना कोणीतरी एकट्यालाच उचललं होतं. तेव्हापासून त्यांना वाटत होतं, उचलायचं ते एकेकट्यालाच.

एका क्षणाला वाटलं, मान हलवावी. दहा तरी वाचतील. बा मान हलवायचा तशी. सोपं होतं ते.

मी उठले. म्हणाले, “सर, माझ्याबरोबर या.”

ते आले. ट्रकमध्ये माझ्या तिसरीतली मुलगी बोचक्यावर बसली होती. सोमी तिचं नाव. वाचता येत नव्हतं तिला, गाणी मात्र एकदा ऐकली की पाठ. साधारण म्हणता येईल अशीच. मी म्हणाले, “हिला जाऊ द्यायचंय ना? मग तुम्ही सांगा तिला. नाव घेऊन सांगा. तू साधारण आहेस, म्हणून तू जा. आणि खाली उभ्या बाकीच्यांना तुमच्या हातानं, दंडाला धरून, वर चढवा. मी चढवणार नाही. मी निवडणार नाही.”

“बाई, तमाशा करू नका.”

“तमाशा नाही, सर. काम वाटून घेते. निवड तुमची, तर चढवायचंही तुम्हीच.”

सगळे ऐकत होते. भट्टीचा मुकादम, आयाबाया, ट्रकचा ड्रायव्हर. साहेबांनी सोमीकडे बघितलं. सोमी त्यांच्याकडे बघत होती. मग ते मोटारसायकलकडे वळले. जाताना म्हणाले, “लेखी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला. धान्य जास्त मिळणार नाही. पोरं उपाशी राहिली तर जबाबदारी तुमची.”

मी पोरं खाली उतरवायला लागले. त्यांचे आईबाप हात देत होते. सोमीचं बोचकं मी ओढलं तेव्हा तिच्या बानं ते वरून धरून ठेवलं. “बाई,” तो म्हणाला, “हिची आय नाय. जोडी लागते.” मी त्याला हात जोडले. तो रडत होता. मुकादमानं ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली. मी बोचकं सोडलं. ट्रक घाटाकडे गेला आणि मी सोमीला उतरवू शकले नाही. हे मी लपवत नाही. मी जिंकून आलेली नाही.

बाकीची माझ्याजवळ आहेत. दहांच्या धान्यात सगळी जेवतात. म्हणजे सगळी अर्धपोटी जेवतात, मीही. भात पातळ करते, पेज करते. तालुक्याला दोनदा जाऊन आले, कोणी दारात उभं केलं नाही. धान्य संक्रांतीपर्यंतसुद्धा पुरणार नाही आणि पुढे काय, ते मला माहीत नाही. कधी कधी पोरं ताटल्या चाटून पुसून ठेवतात आणि माझ्याकडे बघतात, तेव्हा वाटतं, साहेब म्हणाले तेच बरोबर होतं की काय. दहांना तरी पोटभर मिळालं असतं. मग वाटतं, ते दहा माझ्याकडे बघून काय शिकले असते?

खुलासा मागणारं पत्र आलं. मी रात्रभर विचार केला नाही. आलं तेव्हाच बसून लिहिलं. लिहिलं, की माझ्या शाळेत हुशार, मध्यम, साधारण अशी मुलं नाहीत. मुलं आहेत. त्यांच्यातून निवडून कोणाला ठेवायचं आणि कोणाला भट्टीवर पाठवायचं हे काम मला नेमून दिलेलं नाही, आणि दिलं तरी मी करणार नाही. नोकरी घ्यायची असेल तर घ्या. पुढच्या वर्षी ट्रक येतील तेव्हा मी शिक्षिका असेन किंवा नसेन. रस्त्यावर मात्र उभी असेन. आणि सोमीच्या बाची जोडी भरून काढायला सरकारकडे काय आहे, हे पहिल्या दिवशी विचारीन.

खाली सही केली. शिक्का मारला. पोस्टात टाकायला स्वतः गेले.